भिंतीवरची लक्ष्मी आणि तिचे मोल

प्रस्तावना

वाडा पाडायला निघाला, सोसायटी पुनर्विकासाला गेली किंवा भावंडांच्या वाटण्या ठरल्या, की भिंतीवरच्या तसबिरी खाली उतरतात. भांडी, कपाटे, झोपाळा यांचे काय करायचे हे घरातल्यांना लवकर ठरवता येते. देवाच्या तसबिरीपाशी मात्र सगळे थबकतात. टाकवत नाही, विकवत नाही, आणि नव्या फ्लॅटमध्ये तिला भिंत मिळत नाही. अशा वेळी कुणीतरी चित्राच्या तळाचा बारीक मजकूर वाचतो, त्यात 'रविवर्मा' ही अक्षरे दिसतात आणि घरातले बोलणे एकदम बदलते. कालपर्यंत जी आजीची लक्ष्मी होती, ती आज 'ओरिजिनल रविवर्मा' होते. मोबाइलवर शोधाशोध होते. २०२३ मध्ये मुंबईतल्या एका लिलावात राजा रविवर्मा यांचे यशोदा आणि कृष्णाचे तैलचित्र ३८ कोटी रुपयांना गेले, ही बातमी सापडते. मग मूल्यांकन करणाऱ्याला फोन जातो. त्या आवाजात आशा असते, धास्ती असते आणि देवाची किंमत विचारतो आहोत याचा संकोचही असतो.

हे पुस्तक त्या फोनला दिलेले सविस्तर उत्तर आहे. जुन्या छापील देवचित्रांची, विशेषतः मळवलीच्या रविवर्मा प्रेसमधून निघालेल्या ओलिओग्राफची, म्हणजे तैलचित्राचा भास देणाऱ्या रंगीत शिळाछापांची, पारख कशी करावी आणि त्यांची किंमत कशाच्या आधारावर सांगावी, हा त्याचा विषय. फोनवर मी पहिल्यांदा सांगते ते हे, की तुमच्या घरातली तसबीर तैलचित्र असण्याची शक्यता जवळजवळ नाही, ती छापील आहे. हे ऐकून बहुतेकांचा उत्साह मावळतो. 'म्हणजे कॉपीच ना?' असे म्हणून काही जण त्याच आठवड्यात ती जुन्या बाजारात देऊन टाकतात. या निष्कर्षाला माझा मनापासून विरोध आहे. छापील चित्रांतही प्रतवारी असते आणि ती फार मोठी असते. सुरुवातीच्या काळात चांगल्या दगडावरून जाड कागदावर उतरलेले चित्र, काही दशकांनी नव्याने रेखाटून काढलेले त्याच नावाचे चित्र, कॅलेंडरच्या माथ्यावरचे चित्र आणि गेल्या वर्षी संगणकाच्या छपाईयंत्रातून निघालेले चित्र, या चार निराळ्या वस्तू आहेत. त्यांच्यातला फरक कागदावरच असतो. तो वाचायला शिकता येतो आणि त्यासाठी कलाशाळेत जावे लागत नाही.

आधी हा कागद आला कुठून, ते पाहू. रविवर्मा यांचा जन्म १८४८ मध्ये त्रावणकोरातल्या किळिमानूरचा. युरोपीय पद्धतीच्या तैलरंगात पुराणकथा रंगवणारा चित्रकार म्हणून त्यांचे नाव झाले आणि संस्थानिकांकडून मागणी वाढत गेली. तंजावरच्या मराठी परंपरेतले, आधी त्रावणकोरचे आणि पुढे बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव यांनी १८८४ च्या सुमारास त्यांना सुचवले की, एका माणसाच्या दोन हातांनी ही मागणी पुरी होणार नाही, तेव्हा निवडक चित्रे युरोपला पाठवून त्यांचे ओलिओग्राफ करून घ्यावेत. पुढे सयाजीराव गायकवाडांनी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांवर १४ चित्रे करून घेतली. राजवाड्यात जाण्याआधी ती लोकांना पाहायला ठेवली गेली आणि पाहायला गर्दी लोटली. सामान्य माणसाला ही चित्रे आपल्या घरात हवी आहेत, हे त्यातून कळून चुकले.

युरोपला चित्रे पाठवण्याऐवजी रविवर्मा आणि त्यांचे बंधू राजा राजवर्मा यांनी छापखानाच इथे आणला. मुंबईचे व्यापारी गोवर्धनदास खटाव मखनजी यांच्या भागीदारीत १८९४ मध्ये मुंबईत तो सुरू झाला. यंत्रे जर्मनीहून आली, कारागीरही. शकुंतलेच्या जन्माचे चित्र पहिल्यांदा छापले गेले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, माणसे शहर सोडू लागली, आणि काही काळाने छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला, कार्ल्याच्या लेण्यांच्या परिसरात हलला. पैशाची ओढाताण चालूच होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच रविवर्मा यांनी छापखाना आणि अनेक चित्रांचे हक्क तिथलेच जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकले. १९०६ मध्ये रविवर्मा गेले. छापखाना मात्र त्यांच्याच नावाने पुढे कित्येक दशके चालला. १९७२ मध्ये लागलेल्या आगीत त्याचा शेवट झाला.

ही हकिगत मी मुद्दाम सांगितली, कारण मूल्यांकनातला सगळ्यात मोठा गोंधळ इथेच आहे. चित्राखाली छापलेले 'रविवर्मा' हे पुष्कळदा छापखान्याचे नाव असते, चित्रकाराची सही नसते. घराघरांत आढळणारी बहुसंख्य चित्रे रविवर्मा यांचा छापखान्याशी संबंध संपल्यानंतरची आहेत. त्यांतली कितीतरी त्यांच्या कुंचल्यातली नाहीतच. एम. व्ही. धुरंधरांसारख्या चित्रकारांनी या छापखान्यासाठी चित्रे दिली. कुणी जुन्याच लक्ष्मीला नवी पार्श्वभूमी, जास्त दागिने, जास्त हत्ती देऊन ती पुन्हा रेखाटली. चित्रपटाकडे वळण्याआधी दादासाहेब फाळके याच छापखान्यात काम करत होते, हे अनेकांना ठाऊक असते. पण फाळके तिथे होते म्हणजे हातातले चित्र फाळक्यांच्या हाताचे, असा अर्थ लावून जास्त पैसे मागणारे विक्रेतेही भेटतात. नावाला भाव मिळतो हे खरे. म्हणूनच नाव कुणाचे, कशाबद्दलचे, हे आधी तपासायचे.

मग बघायचे काय? तसबीर खिडकीजवळ न्यायची, शक्य तर कडेने उजेड पडेल अशी धरायची, आणि चेहऱ्याकडे न पाहता खालच्या पांढऱ्या पट्टीकडे पाहायचे. या समासात छापखान्याचे नाव, गाव, अनुक्रमांक, चित्राचे नाव, हक्क नोंदवल्याचा मजकूर यांतले काही ना काही असते. 'मुंबई' आहे की 'कार्ला–लोणावळा' की 'मळवली', यावरून काळाचा पहिला अंदाज बांधता येतो. 'प्रिंटेड इन जर्मनी' असेल तर गोष्ट निराळी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक हिंदुस्थानी प्रकाशक जर्मनीतून देवचित्रे छापून आणत असत. दुर्दैवाने हाच समास पहिला बळी पडतो. फ्रेम लहान, चित्र मोठे, म्हणून फ्रेमवाला कात्री चालवतो आणि चित्राचा जन्मदाखला कचऱ्यात जातो. समास कापलेले चित्र आणि पूर्ण समासाचे तेच चित्र यांच्या किमतीत मी नेहमी ठळक अंतर ठेवते. घेणाराही ठेवतो.

समासानंतर भिंग. जवाहिरे वापरतात तसले, दहा पट मोठे दाखवणारे भिंग पुरते. ते लक्ष्मीच्या गालावर ठेवा. शिळाछापाचा नियम साधा आहे. बव्हेरियातल्या झोल्नहोफनच्या खाणीतला गुळगुळीत चुनखडीचा दगड घ्यायचा, त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने उलटे चित्र काढायचे, दगड ओला करायचा. तेलकट जागा शाई धरतात, ओल्या जागा ती नाकारतात. १७९० च्या दशकात आलोइस झेनेफेल्डरने शोधलेली ही रीत. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. चांगल्या ओलिओग्राफला दहा-बारा, कधी त्याहून कितीतरी जास्त दगड वापरले जात. गालाची गुलाबी छटा एका शाईने येत नसे. फिकट पिवळा, मग गुलाबी, मग तपकिरी, सावलीसाठी निळसर करडा, असे ठिपके कारागिराने एकेक करून हाताने दगडावर टिपलेले असतात. भिंगाखाली ते ठिपके लहानमोठे, वाकडेतिकडे, कुठे दाट कुठे विरळ दिसतात. नाकाच्या कडेला ते बारीक होत जातात, हनुवटीखाली एकमेकांत मिसळतात. त्या माणसाचे नाव कुठेही छापलेले नाही. मला दर वेळी त्याच्या हाताची स्थिरता पाहून आदर वाटतो, आणि 'नुसती कॉपी' हा शब्द कानाला टोचतो.

आता भिंग साडीच्या काठावर सरकवा. एखादा रंग रेषेच्या केसभर बाहेर गेलेला दिसेल. कागद इतक्या वेळा यंत्रातून जाताना हवेतल्या दमटपणाने किंचित फुगतो, आकसतो, आणि एखादा दगड तंतोतंत बसत नाही. हे हलणे थोडे असेल तर ते अस्सलपणाचेच लक्षण. फार असेल तर छपाई निष्काळजी, आणि किंमत कमी. शेवटी चित्रावर वार्निशचा हात दिलेला असतो, आणि पुष्कळ चित्रांवर दाब देऊन कॅनव्हाससारखी वीण उठवलेली असते. तैलचित्राचा भास व्हावा म्हणून ही सारी खटपट. कडेच्या उजेडात ती वीण हाताला लागेल इतकी स्पष्ट दिसते. पण ती सगळीकडे एकसारखी असते. खऱ्या कॅनव्हासवरचा रंग कुठे जाड, कुठे पातळ असतो, आणि कुंचल्याचा फटकारा आकाराच्या वळणाने जातो.

नव्या नकला ओळखण्याची खूण याच भिंगात आहे. रविवर्मा जाऊन शतक उलटले, त्यांच्या चित्रांवर आता कुणाचा हक्क नाही, त्यामुळे ती कुणीही छापावीत. त्यात गैर काही नाही. मला स्वतःला स्वच्छ छापलेली नवी सरस्वती देवघरात लावलेली आवडते. गैर आहे ते नव्याला जुने म्हणून विकणे. आजची ऑफसेट छपाई चार रंगांच्या ठिपक्यांची असते आणि ते ठिपके ठरलेल्या कोनात, ओळीने, छोट्या फुलांसारखी नक्षी करत बसलेले दिसतात. संगणकाच्या शाईफवाऱ्याचे ठिपके धुरळ्यासारखे, दिशाहीन. पण सगळ्यात खात्रीची जागा परत तो समासच. जुन्या शिळाछापात खालची अक्षरे एकाच शाईने छापलेली असतात, त्यांच्या कडा भरीव असतात. जुन्या चित्राचा फोटो काढून केलेल्या नकलेत तीच अक्षरे भिंगाखाली रंगीत ठिपक्यांत विस्कटतात. कागदाचा पिवळेपणा, वार्निशच्या भेगा, कोपऱ्यातला पाण्याचा डाग, हेही ठिपक्यांचेच निघतात. म्हणजे डागसुद्धा छापलेला असतो. अतिनील दिवा जवळ असेल तर अंधारात कागद पाहावा. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर कागदात चमक आणणारी रसायने घालू लागले, असा कागद निळसर पांढरा उजळतो. जुना कागद मंदच राहतो.

फसवणुकीचा याहून चतुर प्रकारही आहे. खरा जुना ओलिओग्राफ कापडावर चिकटवतात, त्यावर तैलरंगाचे हात मारतात आणि 'रविवर्मा परंपरेतले तैलचित्र' म्हणून पुढे करतात. इथे फुलांच्या, ढगांच्या, काठाच्या जागी रंग जाड असतो आणि चेहऱ्यावर, हातांवर जवळजवळ नसतोच, कारण तिथे हात घालण्याची रंगवणाऱ्याला भीती वाटते. भिंग चेहऱ्यावर धरले की शिळाछापाचे ठिपके खालून वर येतात. अशा वस्तूत एका चांगल्या छापील चित्राचा नाश झालेला असतो, आणि तैलचित्र तर मिळालेलेच नसते.

याच्या उलट प्रकार मला अतिशय प्रिय आहे आणि या पुस्तकात त्याला वेगळे प्रकरण दिले आहे. लक्ष्मीच्या साडीवर खरी जरी, चोळीवर मखमल, गळ्यात मणी, मुकुटावर टिकल्या, असे सजवलेले ओलिओग्राफ. पुष्कळदा घरच्या बायकांनी, कधी व्यावसायिक कारागिरांनी केलेले हे काम. कापड चित्रातल्या निऱ्यांबरहुकूम कापून शिवलेले किंवा डकवलेले असते, चेहरा, हात, पाय तेवढे छापील राहतात. अशा चित्रांना आज चांगली मागणी आहे आणि त्यांची किंमत साध्या प्रतीपेक्षा बहुधा वर जाते. रविवर्मा यांनी देवीला ओळखीची साडी नेसवली. त्यापुढे जाऊन कुणा अनाम बाईने तिला आपल्या पेटीतली जर दिली. हे काम चित्राची 'मोडतोड' म्हणून नोंदवणारा अहवाल मी पाहिला आहे, आणि तो चुकीचा आहे.

चित्राची अवस्था हा किमतीचा दुसरा मोठा भाग. कोकणातल्या एका घरातून माझ्याकडे आलेली लक्ष्मी या संदर्भात सविस्तर सांगण्यासारखी आहे. कमळावर उभी, चार हातांची, मागे पाणी, शेजारी हत्ती. आकार नेहमीचा, साधारण २० बाय १४ इंच. समास पूर्ण, खाली 'कार्ला–लोणावळा' स्पष्ट. चित्रभर उभ्या तपकिरी रेघा होत्या आणि घरातल्यांना तो छपाईचा दोष वाटत होता. फ्रेम उलटी केल्यावर उलगडा झाला. मागे लाकडाच्या अरुंद फळ्या ठोकल्या होत्या आणि त्यांच्यामधल्या फटींतून धूळ, धूर, दमट हवा आत शिरून कागदावर नेमक्या तितक्याच अंतरावर रेघा उमटल्या होत्या. फळ्यांवर गिरगावातल्या फ्रेमवाल्याची अर्धी फाटलेली चिठ्ठी होती. चित्राच्या पाठीवर पेन्सिलने 'दसरा शके १८३२' लिहिले होते. म्हणजे १९१० च्या दसऱ्याआधी हे चित्र छापून झाले होते. समोरच्या बाजूला लक्ष्मीच्या कपाळावर कुंकू होते. काचेवर नव्हते, कागदावर होते, वार्निशच्या भेगांतून आत मुरलेले. मधल्या काळात कधीतरी काच फुटली होती आणि नवी बसेपर्यंत पूजा थांबली नव्हती.

घरातल्यांनी विचारले, कुंकू काढून टाकले तर किंमत वाढेल का? बाजाराच्या हिशेबाने तो डागच. पण ते काढू नका, असेच मी सांगितले. कुंकू निघण्याआधी खालचे वार्निश आणि गालाचा रंग निघाला असता, हे एक कारण. दुसरे कारण असे की हे चित्र टांगण्यासाठी छापले गेले आणि पूजेला बसले. ही त्याच्या आयुष्यातली महत्त्वाची घटना आहे आणि तिचा पुरावा तेवढ्या लाल ठिपक्यात आहे. अहवालात मी 'कपाळी कागदात मुरलेले कुंकू, पूजेची खूण' असे लिहिले आणि त्याचा भार किमतीवर किती पडला तेही वेगळे लिहिले. शके लिहिलेली पाठ आणि फ्रेमवाल्याची चिठ्ठी यांनी किमतीला जो आधार दिला, तोही तसाच वेगळा मांडला. वाचणाऱ्याला आकडा पटला नाही, तर तो कुठून आला हे तरी त्याला कळले पाहिजे.

कसर, वाळवी, बुरशीचे तपकिरी ठिपके, काचेला चिकटलेला रंग, प्लायवूडवर डकवून टाकलेले चित्र, या साऱ्यांची चर्चा पुढच्या प्रकरणांत आहे. इथे एवढेच सांगते, की काचेला चिकटलेले चित्र ओढून काढू नये, ओल्या फडक्याने पुसू नये आणि त्यावर नवे वार्निश मारू नये. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धनाचे केंद्र आहे. जाणत्या माणसाचा सल्ला मिळण्याजोग्या अशा जागा आहेत. घरगुती उपायांनी झालेले नुकसान मूल्यांकनाच्या वेळी सगळ्यात जास्त महाग पडते.

आता आकड्याविषयी. 'याची किंमत काय' या प्रश्नाला एक उत्तर नसते. विम्यासाठी विचारत असाल, तर तसेच चित्र, तशाच अवस्थेतले, आज विक्रेत्याकडून घ्यायला काय पडेल, तो आकडा लागतो. भावंडांच्या वाटणीसाठी विचारत असाल, तर घाई नसलेला विकणारा आणि माहीतगार घेणारा यांच्यात जो सौदा होईल, तो आकडा न्याय्य. उद्याच विकायचे असेल तर हातात येणारी रक्कम या दोन्हींहून कमी असेल, कारण विक्रेत्याला दुकान चालवायचे असते. एकाच लक्ष्मीचे हे तीन आकडे तिन्ही खरे असतात. वाटणीच्या बैठकीत एक भाऊ विम्याचा आकडा धरून बसतो, दुसरा जुन्या बाजारातला. मग जे भांडण होते ते लक्ष्मीवरून झाल्यासारखे दिसते, पण खरे तर प्रश्न न विचारता उत्तर घेतल्याने झालेले असते. म्हणून अहवालाच्या पहिल्या ओळीत हेतू लिहिलेला असावा. आणि ज्याने किंमत सांगितली त्यानेच ते चित्र विकत घेऊ नये. किंमत काढणाऱ्याचे शुल्क किमतीच्या टक्क्यांवरही नसावे. याबाबत मला कुठलीही सूट मान्य नाही.

या पुस्तकात दरपत्रक दिलेले नाही. दरपत्रक दोन वर्षांत शिळे होते आणि लोक ते वीस वर्षे वापरतात. त्याऐवजी विषयांची चढउतार समजावून सांगितली आहे. लक्ष्मी आणि सरस्वती यांच्या प्रती पुष्कळ निघाल्या, पुष्कळ टिकल्या, मागणीही तितकीच आहे. विश्वामित्र-मेनका, शंतनू-मत्स्यगंधा, हंस-दमयंती, झोक्यावरची मोहिनी ही चित्रे देवघरात गेली नाहीत, दिवाणखान्यात लागली. त्यांच्यावर धूर आणि कुंकू कमी, पण ऊन जास्त, त्यामुळे लाल-गुलाबी रंग उडालेले सापडतात. मोठ्या, साधारण २८ बाय २० इंचांच्या प्रती लहानांपेक्षा कमी मिळतात.

रविवर्मा या एकाच नावामागे धावताना महाराष्ट्रातल्या दुसऱ्या एका ठेव्याकडे दुर्लक्ष होते आहे, तेही नोंदवायला हवे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा निघाली, म्हणजे रविवर्मा प्रेसच्या कितीतरी आधी. रामपंचायतनासारखी देवचित्रे आणि मराठी इतिहासातल्या पुरुषांची चित्रे तिने घराघरांत नेली. त्यांचे रंग सपाट, रेषा ठाम, आणि तैलचित्राचा भास करण्याची धडपड त्यांच्यात फारशी दिसत नाही. त्याच वर्षी कलकत्त्यात कलकत्ता आर्ट स्टुडिओ उभा राहिला आणि त्याच्या चित्रांवर आज भरभरून लिहिले जाते. चित्रशाळेच्या चित्रांकडे मात्र आपलेच लोक 'रविवर्मा नाही' म्हणून पाठ फिरवतात. माझ्या मते चांगल्या अवस्थेतले चित्रशाळेचे चित्र आज त्याच्या योग्यतेपेक्षा खूपच कमी किमतीत जाते. त्याला योग्य भाव मिळायला हवा, कारण भाव नसलेल्या वस्तू कुणी जपत नाही.

पुढच्या काळातले रघुवीर मुळगावकर, दीनानाथ दलाल, एस. एम. पंडित यांच्या हातच्या कॅलेंडर-चित्रांवरही एक छोटे प्रकरण आहे. ते मुद्दाम छोटे ठेवले, कारण त्यांच्या मूल्यांकनाचे निकष वेगळे आहेत आणि त्यावर स्वतंत्र पुस्तक व्हावे. जिज्ञासूंनी ओलिओग्राफांच्या अभ्यासासाठी एर्विन नॉयमायर आणि क्रिस्टीन शेलबर्गर यांचे ग्रंथ आणि ख्रिस्तोफर पिनी यांचे छापील देवचित्रांवरचे लेखन जरूर पाहावे. हातातले चित्र कोणत्या आवृत्तीतले हे ठरवताना त्यातल्या छायाचित्रांचा फार उपयोग होतो.

कायद्याची एक गोष्ट परदेशी असलेल्या वाचकांसाठी. आजीची लक्ष्मी न्यू जर्सीला किंवा लंडनला न्यायची, अशी इच्छा अनेक जण सांगतात. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार १०० वर्षे किंवा त्याहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. १९७९ मध्ये रविवर्मा यांच्या कलाकृतींना कलानिधींचा दर्जाही मिळाला आहे. छापील प्रत आहे, चालेल, असे गृहीत धरून ती बॅगेत ठेवू नका. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी लेखी खुलासा घ्या. विमानतळावर तसबीर अडकली, की ती सोडवायला लागणारा वेळ आणि मनस्ताप कुठल्याच किमतीत बसत नाही.

आणखी एक विनंती, जी या पुस्तकामागचे खरे कारण आहे. आपल्याकडे काच फुटलेली देवाची तसबीर घरात ठेवत नाहीत. ती पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवतात किंवा नदीत सोडतात. श्रद्धेने केलेल्या या कृतीत शंभर वर्षांची चित्रे पावसात भिजून संपतात. काच फुटली तर काच बदलता येते. चित्र ठेवणे शक्यच नसेल तर पारावर नेण्याआधी त्याचे पुढून, मागून आणि समासाचे जवळून फोटो काढा, ते कुणी आणले, कुठे लावले होते, हे घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारून लिहून ठेवा, आणि जवळच्या संग्रहालयाला किंवा जुन्या ग्रंथालयाला एकदा विचारा. त्यांनी नाही म्हटले तर मग तुम्हाला योग्य वाटेल ते करा. पण विचारल्याशिवाय ते चित्र हातातून सोडू नका.